सोबतचं पत्र

सावद्याच्या स्टँडसमोर माझं टायपिंगचं दुकान.
अर्ज वीस रुपये, फोटो चिकटवून पंचवीस,
आणि संगणकात एक फाइल, तिचं नाव ‘नमुना’.
तिच्यात फक्त नाव बदलायचं.
‘मी कष्टाळू, प्रामाणिक व होतकरू असून
आपल्या नामांकित संस्थेत...’
या वाक्यावर अख्ख्या तालुक्याची पोरं
कुठे कुठे जाऊन आली.
बहुतेक परतही आली.

मंगळवारी, लाइट नुकतीच आलेली,
रुबाब तडवी आला, पालचा.
केळी परदेशी धाडणाऱ्या कंपनीत जागा निघालेली,
माल तपासनीसाची.
बायोडाटा भावाने करून दिलेला:
बारावी, बासष्ट टक्के, छंद क्रिकेट.
‘यासोबत एक पत्र पाहिजे म्हने, ताई.
मले लिहिता येते.
पन सोताबद्दल लिहाचं म्हनलं का
दुसऱ्याच मानसाचं वाटते.’

मी नमुना उघडला, नाव टाकलं.
तो वाचत होता ओठ हलवत.
‘होतकरू म्हंजे काय वो?’
नऊ वर्षं टाइप करतेय हा शब्द,
मला चटकन सांगता येईना.

त्याच्या शर्टावर चिकाचे डाग, काळपट.
केळीचा चीक शर्टासोबतच जातो,
हे इथे शेंबडं पोरही सांगेल.
मी विचारलं, तू नेमकं करतोस काय?

‘काही नाही. माल कापतो.’

कसा?

मग तो खुर्चीच्या कडेला सरकला.
बोटाच्या धारा बोथट होत आल्या
की घड किती दिवसांचा, ते लांबून कळतं म्हणाला.
मे महिन्यात एकदा
गाडी भरता भरता सत्तर घड त्याने बाजूला काढले.
मुकादम शिव्या देत आला, व्यापारी फोनवर ओरडला.
याने विळ्याने एक केळ उभं चिरलं:
साल हिरवीगार, आत गर पिवळा.
‘एक पिकली का शेजारीन पिकते, ताई.
अख्खा कंटेनर गेला असता.’

मी टाइप करत गेले,
तो बोलला त्याच क्रमाने, थोडं सरळ करून.
‘महोदय’पाशी थांबले.
त्याला म्हटलं, कंपनीत फोन लाव,
विचार हे पत्र कोण वाचतं.
विद्या नेहेते, असं कळलं.
महोदय गेले.

‘घरची परिस्थिती हलाखीची, हे टाका ना.’
म्हटलं, तिला नोकरी नकोय, तुला हवीय.
तो हसला नाही. मीही नाही.
तरी पान भरून चार ओळी जास्तच झाल्या,
त्या दोघांनी मिळून काढल्या,
एकीसाठी तो बराच वेळ अडून बसला.
शेवटी लिहिलं:
कोणत्याही दिवशी सकाळी सहाला बोलवा,
तुमच्या शेडवर येऊन माल निवडून दाखवतो.

‘इतकं साधं चालीन का?’

मला ठाऊक नव्हतं. चालेल, म्हटलं.

प्रिंटवर त्याच्या अंगठ्याचा ठसा उमटला, तपकिरी.
दुसरी काढून दिली, तिचे पैसे घेतले नाहीत.
डागाची प्रत माझ्याकडे राहिली.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून
ड्रॉवरमधला माझा अर्ज काढला.
नगरपालिकेचं वाचनालय, लिपिक, एक जागा,
शेवटची तारीख शुक्रवार.
पहिली ओळ: मी कष्टाळू, प्रामाणिक व...

नेमकं करतेस काय,
हे विचारायला समोर कोणी नव्हतं.
उठले, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसले.
तिची एक पाटी निखळलीय, नऊ वर्षांत कळलं नव्हतं.
तिथून स्क्रीन दिसत नाही.
शटरखालून रस्ता दिसतो,
फैजपूरकडे निघालेल्या केळीच्या ट्रकची चाकं,
आणि एक कुत्रं, आत यावं की नको
अशा विचारात उभं.